स्टेशनपर्यंतची सायकल

गाडी बदलून पुढे जाण्याची सवय कर्जत-खालापूरच्या भूमीला रेल्वेइतकीच जुनी आहे. 1856 साली कल्याणकडून आलेला लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोहोचला आणि बोरघाटाच्या पायथ्याशी थांबला. 1858 मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पण मधला घाट 1863 पर्यंत रुळांवाचून होता. ती पाच वर्षं मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखी नाहीतर तट्टू करून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचा. पुढे घाटमार्ग पळसदरीवरून वर गेला आणि खोपोली फाट्यावर राहिली. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाची अडचण मिटली. इथल्या खेड्यापाड्यांची मिटली नाही, कारण त्यांना आधी स्टेशन गाठायचं होतं.

स्टेशनं मोजकी आहेत. मुख्य मार्गावर शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत. फाट्यावर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. गावं मात्र उल्हास आणि पेज नद्यांच्या खोऱ्यांत दूरवर विखुरलेली. कडाव, कशेळे, कळंब यांपैकी कुठेच रूळ नाहीत. भिवपुरी रोड स्टेशनावर उतरलेल्याला भिवपुरी गाव दिसत नाही, ते बरंच लांब आहे. खालापूर तर तालुक्याचं ठिकाण, तरी तिथल्या माणसाला रेल्वेसाठी खोपोली गाठावी लागते. एसटी होती, पण तिचं वेळापत्रक कोर्ट-कचेरी आणि शाळा-कॉलेजच्या वेळा धरून. पहाटेच्या लोकलला तिचा उपयोग नव्हता. ही फट सायकलीने भरून काढली.

आमच्या घरात सत्तर-ऐंशीच्या दशकांत सायकलीला वडिलांखालोखाल मान होता. कडावच्या रस्त्यावरच्या आमच्या गावातून ते अंधारातच निघत. डायनॅमो टायरला टेकवला की चाक जड व्हायचं आणि दिवा चालीप्रमाणे कमीजास्त व्हायचा. चढावर वेग पडला की पुढचा खड्डा दिसेनासा व्हायचा. स्टेशनाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये सायकलतळ होता, महिन्याचं भाडं ठरलेलं. तो चालवणाऱ्या काकांचं कसब मी जवळून पाहिलं आहे. कोण कुठल्या गाडीने परतणार हे त्यांना पाठ असे. त्याप्रमाणे ते दुपारी सगळ्या सायकली नव्याने लावत: उशिरा येणाऱ्यांच्या आत भिंतीला, लवकर येणाऱ्यांच्या बाहेर. संध्याकाळची लोकल लागली की माणसं धावत येत आणि एकाचंही हॅण्डल दुसऱ्याच्या ब्रेकच्या तारेत न अडकता शेड रिकामी होई. पावसाळ्यात सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली आणि चेनवर गॅरेजमधून आणलेलं काळं तेल. जून ते सप्टेंबर इथे पाऊस कोसळतो, तरी सायकल चालत राहायची.

खोपोलीकडे हेच चित्र पाळीच्या वेळी दिसे. टाटांचं वीजगृह तिथे 1915 सालापासून. पुढे पोलादाचे, पाइपांचे कारखाने आले. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून स्टेशनाकडे निघालेले दूधवालेही होते. किटल्या लोकलच्या लगेजच्या डब्यात चढत, सायकल स्टेशनावरच राही.

सायकल स्टेशनावरच राही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सायकल आणि रेल्वे यांचा मेळ म्हटलं की आज पहिला प्रश्न येतो तो सायकल डब्यात नेऊ देणार का, हा. मुंबईत मेट्रोच्या 2अ आणि 7 या मार्गांवर 2022 मध्ये ती सोय झाली, आणि चांगलंच झालं. पण कर्जत लोकलमध्ये सकाळी माणसाला पाय ठेवायला जागा नसते, तिथे सायकल कुठे चढवणार? त्याची गरजही नाही. हा मेळ कसा घालायचा हे मुंबईचे डबेवाले 1890 च्या सुमारापासून दाखवत आले आहेत. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावची ही माणसं, म्हणजे आमच्या घाटमाथ्यापलीकडचीच. उपनगरात घरोघरचे डबे गोळा करायला सायकल, मग लोकल, मग ऑफिसांपर्यंत पुन्हा सायकल. गाडीतून डबा जातो. सायकली आपापल्या टोकाला उभ्या असतात. नेदरलँड्समध्येही पुष्कळ लोक घराकडच्या स्टेशनावर आपली सायकल ठेवतात आणि दुसऱ्या टोकाला वेगळी वापरतात. तिथे 2003 पासून रेल्वेप्रवाशांसाठी भाड्याच्या सायकलींची देशभर योजना आहे, आणि उट्रेख्ट स्टेशनाखाली 2019 मध्ये 12,500 सायकलींचा तळ पुरा झाला. आमच्या काकांच्या शेडचंच ते थोरलं भावंड.

मग आमच्याकडची सायकल गेली कुठे? 1985 नंतर कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या, हप्त्यावर मिळू लागल्या. टमटम आल्या, खेड्यांच्या नाक्यानाक्यावर उभ्या राहू लागल्या. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव, आणि जुन्या महामार्गावर ट्रकच्या शेजारून सायकल हाकायची म्हणजे जीव मुठीत. फार्महाऊसं वाढली तसे शनिवार-रविवारी कर्जतचे रस्ते भरधाव मोटारींचे झाले. स्टेशनाबाहेरच्या जागेवर मोटारसायकली दाटीवाटीने लागू लागल्या आणि सायकलीसाठी उरला तो कुंपणाचा गज. तिथे साखळीने बांधलेली सायकल संध्याकाळी सीटसकट मिळेल याची खात्री नाही.

मोटारसायकल आली म्हणून मला दुःख नाही. ज्याला कशेळ्याहून रोज यायचं आहे त्याचे कष्ट तिने वाचवले. पण घरात मोटारसायकल एक, आणि बहुतेक वेळा ती कर्त्या पुरुषाची. कॉलेजला जाणारी मुलगी, बदलापूर-अंबरनाथला कामाला जाणारी बाई, पेट्रोल न परवडणारा मजूर हे सगळे टमटमच्या हवाली झाले. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास आणि महिन्याचं टमटमचं जाण्यायेण्याचं भाडं शेजारी शेजारी मांडा. मुंबईपर्यंतच्या शंभर किलोमीटरपेक्षा स्टेशनापर्यंतचे चार किलोमीटर महाग पडतात. माझ्या लेखी या काळातला सगळ्यात मोठा तोटा हाच आहे, आणि त्याची नोंद कुणी घेतली नाही.

सायकलीची उणीव नक्की कशी भासते, ते संपाच्या दिवसांत कळलं. 2021 च्या दिवाळीपासून पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत एसटीचं चाक जवळजवळ थांबलं होतं. ज्या घरांत पडवीत जुनी सायकल होती त्यांनी ती उतरवली, पंक्चर काढलं, छर्रे बदलले. त्याआधी कोरोनात लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती तेव्हाही असंच झालं होतं. फरक एवढाच, की तेव्हा सायकल स्टेशनावर नेऊन उपयोग नव्हता. दोन्ही चाकं एकमेकांवाचून अपुरी, हे त्या दोन वर्षांनी आम्हाला दाखवलं.

आता पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम चालू आहे. वावर्ल्याचा बोगदाच अडीच किलोमीटरहून लांब आहे. खालापूर तालुक्यातल्या चौकला लोकल थांबू लागली की आसपासच्या वाड्यावस्त्यांतली माणसं तिकडे वळणार. कर्जतला जे जुनं होतं ते मोडून गेलं, चौकला सुरुवातच करायची आहे. मागणी साधी आहे: जिन्यालगत छपराची जागा, मोटारसायकलींपासून वेगळी, परवडणाऱ्या मासिक भाड्याची. आणि शेवटची लोकल येईपर्यंत राखणदार, कारण त्या गाडीने उतरणाऱ्यालाच पुढे ना एसटी मिळते ना टमटम.