सर बदलले की संघ जिंकतो?

"सरले काढा, मंग पाहा पोट्टे कसे जिंकते ते." यवतमाळच्या समता मैदानावर (जुनी माणसं त्याला अजूनही पोस्टल ग्राउंडच म्हणतात) एखादा संघ ओळीनं तीन सामने हरला की हे वाक्य ऐकू येतंच. खेळ कबड्डीचा असो, टेनिस बॉल क्रिकेटचा असो की शालेय स्पर्धेतल्या बेसबॉलचा. अमेरिकेत तर दर हंगामात यावर वाद झडतात. तिथं बेसबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. कोण खेळणार, कोणत्या क्रमानं येणार, चेंडू फेकणारा कधी बदलायचा, हे तो ठरवतो. संघ गडगडला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.

मी शाळेच्या संघाबरोबर बरीच वर्षं काढली आहेत. या मागणीमागं संघाविषयी खरी तळमळ असते, हे मला ठाऊक आहे. पण तिच्या पोटात काही गैरसमज आहेत, आणि त्यापायी चांगली माणसं मैदानापासून तुटतात.

गैरसमज : सर बदलल्यावर संघ जिंकला, म्हणजे बदलणं बरोबरच होतं.

आपल्याकडे सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. समजा, एका साली पावसानं दगा दिला, कापूस हातचा गेला. मालकानं पाडव्याला गडी बदलला. पुढच्या साली पाऊस वेळेवर आला, कापूस बरा झाला. मालक म्हणेल, नवा गडी लाभला. पण शेजारच्या धुऱ्यापलीकडे जुनाच गडी होता आणि तिथंही कापूस तेवढाच झाला, हे कोणी पाहत नाही. फार वाईट सालानंतरचं साल बहुतेक वेळा आपोआपच त्यापेक्षा बरं असतं. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

प्रशिक्षकाला काढतात ते संघ अगदी तळाला गेल्यावर. तिथून पुढची वाट बहुधा वरच जाते, मग मैदानात कोणीही उभा असो. नेदरलँडमधले अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या अव्वल फुटबॉल लीगचे 1986 ते 2004 पर्यंतचे हंगाम तपासले. ज्या संघांनी प्रशिक्षक हटवला, त्यांच्या शेजारी त्यांनी तशाच घसरणीतून जाणारे, पण प्रशिक्षक न हटवलेले संघ ठेवले. दोन्हीकडचे संघ जवळपास सारखेच सावरले होते. हटवलेल्यांना वेगळा फायदा झालेला दिसला नाही.

बेसबॉलमध्ये हा वाद त्याहून जुना आहे. 1963 मध्ये समाजशास्त्रज्ञ ऑस्कर ग्रस्की यांनी 16 संघांची अनेक वर्षांची कामगिरी मांडून दाखवलं, की जे संघ मॅनेजर वारंवार बदलतात ते क्रमवारीत खाली असतात. बदलामुळे घसरण आणि घसरणीमुळे पुन्हा बदल, असं हे रहाटगाडगं. पुढच्याच वर्षी गॅमसन आणि स्कॉच या दोघांनी त्यांना उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं होतं, की मॅनेजर हटवणं हा बळीचा बकरा शोधण्याचा विधी आहे. चिडलेल्या प्रेक्षकांना काहीतरी केल्याचं दिसतं, मालकांना दम घ्यायला वेळ मिळतो, खेळाडू मात्र तेच राहतात. मला दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य दिसतं.

माझ्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतो. जिल्ह्यातल्या एका शाळेचा सतरा वर्षांखालील क्रिकेट संघ लागोपाठ पहिल्याच फेरीत बाद झाला. व्यवस्थापनानं जुन्या क्रीडा शिक्षकांकडून संघ काढून दुसऱ्यांकडे दिला. पुढच्या वर्षी तोच संघ जिल्ह्यापर्यंत गेला, नव्या सरांचा सत्कार झाला, हार-तुरे झाले. पण आदल्या वर्षी त्या संघात पंधरा वर्षांची पोरं जास्त होती. वर्षभरात ती वीतभर वाढली, खांदे भरले, सीमारेषेवरून केलेली फेक थेट यष्टिरक्षकाच्या हातात पडू लागली. नवे सर वाईट नव्हते. पण तो संघ जुन्या सरांच्या हाताखालीही जिंकला असता, असं मला आजही वाटतं.

गैरसमज : मोठा सामना हरला, म्हणजे प्रशिक्षक संपला.

याचं उत्तर आपल्या विदर्भाच्या क्रिकेटमध्येच आहे. 2015-16 मध्ये चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईनं रणजी करंडक जिंकला. पुढच्या हंगामात मुंबई पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि जानेवारी 2017 मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर गुजरातकडून पाच गड्यांनी हरली. लागोपाठ दोन अंतिम सामने, त्यातला एक जिंकलेला. तरीही मुंबईनं त्यांचा करार पुढं चालवला नाही. विदर्भानं त्यांना बोलावून घेतलं.

1 जानेवारी 2018 ला त्याच इंदुरात, त्याच होळकर स्टेडियमवर विदर्भानं दिल्लीला नऊ गड्यांनी हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. रजनीश गुरबाणीनं त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक घेतली. विदर्भ रणजीत उतरला 1957-58 मध्ये. म्हणजे साठ वर्षांची वाट होती ती. त्याच हंगामात मुंबई उपांत्यपूर्व फेरीत कर्नाटककडून डावानं हरली. पुढच्या वर्षी विदर्भानं सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून करंडक राखला. मुंबईनं त्यानंतर एकामागून एक प्रशिक्षक बदलले, आणि तिला पुढचा रणजी करंडक मिळायला 2023-24 उजाडलं. आठ वर्षांचा दुष्काळ केवळ पंडित गेल्यामुळे पडला, असं मी म्हणणार नाही. पण अंतिम सामन्यातली हार हे माणूस ओळखायचं माप नव्हे, एवढं या उदाहरणावरून दिसतं.

गैरसमज : मग विदर्भाचं यश एकट्या पंडितांचं.

हा गैरसमज आपल्या लोकांना फार प्रिय आहे. पंडित कडक शिस्तीचे. त्यांनी संघाला आपण जिंकू शकतो हे पटवलं, याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्या हाती आलेला संघ रिकामा नव्हता. वसीम जाफर आधीच विदर्भाकडून खेळत होता. गणेश सतीश कर्नाटकातून आलेला होता. कर्णधार फैज फजलनं त्या हंगामात 912 धावा केल्या. गुरबाणीनं 39 बळी घेतले, आणि त्याच्यामागं गोलंदाजी प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी होते. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं रणजीत पदार्पण केलं. पहिलाच सामना आणि तोही अंतिम. यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवावं. त्याला त्या मैदानापर्यंत आणणारे हात कितीतरी होते, आणि एकाही करंडकावर त्यांची नावं नाहीत.

आणखी एक. पंडितांना विदर्भानं आणलं ते हंगाम सुरू होण्याआधी, तयारीला वेळ देऊन. रागाच्या भरात अर्ध्या हंगामात केलेली अदलाबदल ती नव्हती. ते 2020 मध्ये मध्य प्रदेशला गेले आणि 2021-22 मध्ये त्या संघानंही मुंबईला हरवून रणजी जिंकली.

विदर्भाची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर विदर्भ अंतिम सामना मुंबईकडून 169 धावांनी हरला. प्रशिक्षक होते उस्मान गनी. त्यांना कोणी घालवलं नाही. पुढच्याच हंगामात उपांत्य फेरीत त्याच मुंबईला 80 धावांनी हरवलं आणि 2 मार्च 2025 ला जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक जिंकला. हर्ष दुबेनं त्या हंगामात 69 बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातला तो विक्रम आहे.

गैरसमज : म्हणजे प्रशिक्षकाला कधीच हटवू नये.

तसंही नाही. पुन्हा बेसबॉलकडे पाहा. 2003 मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सनं 38 सामन्यांत 22 पराभव झाल्यावर जेफ टोरबोर्ग यांना काढलं आणि 72 वर्षांच्या जॅक मॅकीऑन यांना आणलं. त्याच वर्षी मार्लिन्स विश्वविजेते झाले. 2022 मध्ये फिलाडेल्फिया फिलीजनं जो जिरार्डी यांना काढलं आणि संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला. पण 2019 च्या वॉशिंग्टन नॅशनल्सची सुरुवात 19 विजय, 31 पराभव अशी होती. डेव्ह मार्टिनेझ यांना काढा म्हणून ओरड झाली. त्यांना ठेवलं, आणि तोही संघ विश्वविजेता झाला. दोन्ही बाजूंची उदाहरणं सापडतात. म्हणून एकच उदाहरण पुढं करून निर्णय घेऊ नये.

मग पाहायचं काय? गुणतक्ता शेवटी पाहावा. आधी सरावाला या. पोरं वेळेवर येतात का, की अर्ध्याहून जास्त कारणं सांगतात? दुखरा गुडघा पोरगा सरांना सांगतो, की सांगितलं तर संघातून वगळतील म्हणून लपवतो? राखीव बाकावरच्या पोरांना सरावात फलंदाजी मिळते का? निवड खेळ पाहून होते, की कोणाचा पोरगा हे पाहून? इथं उत्तरं वाईट असतील, तर संघ जिंकत असला तरी सर बदलावेत. लहान पोरांच्या बाबतीत तर मी एक दिवसही थांबणार नाही. आणि उत्तरं चांगली असतील, तर तीन पराभवांनी काही बिघडत नाही.

त्या शाळेतल्या जुन्या सरांकडे एक दोनशे पानी वही होती. रोज सरावानंतर मैदानाच्या कडेला बसून ते कोणी किती झेल घेतले, किती सोडले, हे लिहून ठेवत. हरलेल्या वर्षीही पानागणिक सुटलेल्या झेलांच्या फुल्या कमी होत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. संघ काढून घेतला त्या बैठकीला सर ती वही पिशवीत घालून गेले होते. कोणी मागितलीच नाही.