पस्तीस अंशांच्या खाली

वैद्यकीय व्यवसायात पंचवीस-तीस वर्षे काढल्यावर मनुष्याला एक सूक्ष्म अहंकार जडतो. रोग दुसऱ्याला होतो आणि निदान आपण करतो, अशी त्याची नकळत समजूत होऊन बसते. माझी ही समजूत अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका डोंगरावर दूर झाली. ही त्या डोंगराची हकिकत आहे आणि हुकलेल्या एका निदानाचीही.

आमची कन्या नोकरीनिमित्त बोस्टनला असते. २०२३ सालच्या ऑगस्टअखेरीस मी व सौभाग्यवती तिच्याकडे गेलो असता तिने माऊंट वॉशिंग्टन चढण्याचा बेत मांडला. मी उंची विचारली. १,९१७ मीटर, असे उत्तर आले आणि मला हसू आले. आपल्या मसुरीहूनही कमी. कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर अधिक! विद्यार्थिदशेत इंदूरच्या मित्रांसमवेत महूजवळचा जानापाव, पचमढीचे धूपगड आणि पुढे कळसूबाईही मी पायाखाली घातले होते. या टेकाडाचे ते काय कौतुक, असे मी बोलूनही दाखविले.

मूर्ती लहान, कीर्ती महान

या डोंगराची कीर्ती त्याच्या उंचीत नसून हवेत आहे. तेथील मूळ रहिवासी असलेले अबेनाकी लोक त्याला ‘अगिओचूक’ म्हणत. थोर आत्म्याचे निवासस्थान, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. डार्बी फील्ड नावाच्या वसाहतकाराने १६४२ साली तो चढल्याची नोंद आहे. १९३२ सालापासून शिखरावर एक वेधशाळा अखंड कार्यरत आहे. १२ एप्रिल १९३४ रोजी तेथील निरीक्षकांनी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला. पृथ्वीच्या पृष्ठभागावर मोजलेल्या वाऱ्याचा हा उच्चांक बासष्ट वर्षे अबाधित राहिला. १९९६ साली ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर चक्रीवादळात ताशी ४०८ किलोमीटरची नोंद झाली, तेव्हा कोठे तो मोडला. आमच्या भेटीच्या सहाच महिने आधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, या शिखरावर तापमान उणे ४४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते; वाऱ्यासह शरीराला जाणवणारा गारठा तर उणे ७८ अंशांचा होता.

यामागील कारण भूगोलात आहे. उत्तर अमेरिका खंडावरून येणाऱ्या वादळांच्या अनेक वाटा या प्रदेशात एकत्र येतात. ही पर्वतरांग दक्षिणोत्तर पसरलेली असल्याने पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला ती आडवी पडते. अडलेला वारा उतारावरून वर चढतो आणि माथ्यावरच्या अरुंद जागेतून दाटून वाहताना त्याचा वेग वाढतो. नळाच्या तोंडावर बोट धरले असता पाण्याची धार जशी जोराने उडते, तसाच हा प्रकार. त्यामुळे पायथ्याशी ऊन आणि माथ्यावर वादळ, असा देखावा तेथे भर उन्हाळ्यातही नवा नाही.

चढण आणि चूक

सकाळी सात वाजता आम्ही पश्चिम पायथ्याहून, अमोनूसक नावाच्या ओढ्याच्या काठाने चढू लागलो. सौभाग्यवती खालच्या गावीच विश्रामगृहात थांबल्या होत्या. वेधशाळेचा त्या दिवसाचा अंदाज कन्येने न्याहारीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखविला होता : दुपारपासून ढग, पावसाची भुरभुर आणि वाऱ्याला जोर. मी तो बातम्या ऐकाव्यात तसा ऐकला.

अंगात सुती सदरा होता. चढ उभा असल्याने घामाने तो चिंब झाला. स्वेटर व विंडचीटर पाठीवरच्या पिशवीत होते; पण चढताना उकडते म्हणून ते तेथेच राहिले. हळूहळू झाडे खुजी होत गेली, कमरेएवढी, मग गुडघ्याएवढी, आणि अखेर नुसते खडक उरले. अशा ठिकाणी या डोंगरावर पिवळ्या पाट्या लावलेल्या आहेत. येथून पुढे अमेरिकेतील सर्वांत वाईट हवामान आहे, उन्हाळ्यातही येथे माणसे गारठून मेली आहेत, हवा बिघडली असल्यास मागे फिरा, असा त्यांचा आशय. मी त्या पाटीपाशी उभा राहून छायाचित्र काढून घेतले.

सुमारे दीड हजार मीटर उंचीवर ‘लेक्स ऑफ द क्लाउड्स’ नावाचा निवारा आहे. त्यामागे एक शोकांतिका आहे. ३० जून १९०० रोजी विल्यम कर्टिस हे ६३ वर्षांचे नामांकित क्रीडापटू आणि त्यांचे तरुण सहकारी ॲलन ऑर्म्सबी आपल्या गिर्यारोहण संस्थेच्या शिखरावरील सभेसाठी निघाले होते. मध्येच बर्फाच्या वादळाने त्यांना गाठले व दोघेही दगावले. पुढे १९१५ साली त्या संस्थेने हा पक्का निवारा बांधला. सभेला वेळेवर पोहोचण्याची ओढ आपणा डॉक्टरमंडळींना फारशी नसते, हे एका परीने बरेच म्हणायचे!

आम्ही निवाऱ्यात पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि शिखर ढगात गेले होते. कन्या म्हणाली, “बाबा, इथूनच परतू या.” शिखर अडीच किलोमीटरवर होते. इतक्या दूर येऊन परतायचे, हे मला पटेना. मी हट्ट धरला आणि आम्ही निघालो.

अर्ध्या तासात सर्व पालटले. वाट दाखविण्यासाठी रचलेल्या दगडांच्या राशी एकामागून एक धुक्यात नाहीशा झाल्या. पावसाचे बारीक थेंब सुयांसारखे तोंडावर बसू लागले आणि वाऱ्यात ताठ उभे राहणे कठीण झाले. मी थांबून विंडचीटर चढविला. पण त्याची चेन काही केल्या लागेना. अर्भकाच्या केसाएवढ्या शिरेत सुई घालणारी ही बोटे, पण त्यांना चेनचे टोक सापडेना. कन्येने ती लावून दिली. पुढे मी दोनदा अडखळलो. तिने काही विचारले, तेव्हा मी विनाकारण तिच्यावर खेकसलो.

ती थांबली आणि म्हणाली, “बाबा, मला जरा तुमच्या पोटाला हात लावू द्या.”

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. आमचा दवाखाना घरालाच लागून आहे. नवजात बालकाच्या आईला मी रोज सांगतो : उलट्या हाताने बाळाचे पोट पाहा, मग तळवे पाहा. दोन्ही उबदार, तर बाळ ठीक. पोट उबदार पण तळवे गार, तर बाळाला थंडी बाधू लागली आहे. दोन्ही गार, तर ताबडतोब छातीशी घ्या आणि माझ्याकडे या. हे शब्द ऐकतच ती लहानाची मोठी झाली.

तिने सदऱ्याखाली उलटा हात लावला. “पोटही गार आहे. आपण परत फिरतोय.”

घामाने भिजलेल्या कपड्यांमुळे त्वचा गार लागते, त्यावरून शरीराच्या आतील तापमान ठरत नाही, असा शास्त्रशुद्ध आक्षेप मी मनात जुळवला. तोंडातून मात्र तो बोबडा आणि तुटक बाहेर पडला. तिने वाद घातला नाही. माझा हात धरला आणि उताराकडे तोंड केले.

काय घडले होते?

निवाऱ्यात ओले कपडे उतरवून, कोरडे कपडे व घोंगडी लपेटून मी गरम, गोड पेय घेत बसलो. तरी तासभर दात वाजत होते. शरीराच्या आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्यास हायपोथर्मिया म्हणतात. ३५ ते ३२ सौम्य, ३२ ते २८ मध्यम, आणि त्याखाली तीव्र. माझे तापमान कोणी मोजले नाही. पण बोटांचा बावळेपणा, अडखळणे, बोबडेपण आणि चिडचिड हा लक्षणसमूह पाठ्यपुस्तकातलाच होता. थंडी बोटांच्या पाठोपाठ विवेक काढून घेते. म्हणून गारठलेल्या माणसाला आपण गारठलो आहोत हे कळत नाही, मग तो एम.डी. का असेना. एकट्याने असा डोंगर चढू नये, याचे खरे कारण हे आहे.

शरीराची ऊब चार वाटांनी जाते : स्पर्शाने, वाऱ्याने, उत्सर्जनाने व बाष्पीभवनाने. प्रसूतिगृहात ओल्या बाळाला पंख्याखाली गार ताटात ठेवू नये, हे परिचारिकांना शिकविताना आपण याच चार वाटा फळ्यावर मांडतो. मी त्या दिवशी ओल्या सुती सदऱ्यात, वाऱ्यात, गार खडकावर टेकून विसावा घेत होतो. फरक इतकाच की, नवजात बाळ दोष देण्यास पात्र नसते.

सहव्यवसायी मित्रांसाठी दोन-तीन गोष्टी नमूद करतो. आपला नेहमीचा थर्मामीटर साधारणतः ३५ अंशांपासून सुरू होतो. त्याखालचे त्याला दिसत नाही. पारा तळाशी असेल तर ‘ताप नाही’ असे न म्हणता कमी तापमान दर्शविणारा थर्मामीटर मागवावा. सुमारे ३२ अंशांच्या खाली थरथर थांबते. ती सुधारणा समजू नये. अशा रुग्णाला आडवे ठेवून हळुवार हलवावे; धसमुसळेपणाने हृदयाची लय बिघडू शकते. हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये. आणि थंडगार पडलेल्याला ऊब देण्यापूर्वी घाईने मृत ठरवू नये. १९९९ साली नॉर्वेत ॲना बोगनहोल्म ही तरुण डॉक्टर बर्फाखाली अडकून १३.७ अंशांपर्यंत गार झाली होती. ती वाचली आणि पुन्हा वैद्यकीय सेवेत रुजू झाली.

हा विषय केवळ परदेशाचा नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथ यात्रेत अकाली हिमवर्षावाने दोनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. आपल्या शहरातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे अमरनाथ-केदारनाथला जातात. त्यांनी लोकरीचे किंवा न भिजणारे कपडे घ्यावेत, कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा, आणि घाम येण्याआधी एक कपडा उतरवून वारा लागण्याआधी तो पुन्हा चढवावा. पाठुंगळीवरच्या मुलाची विशेष काळजी घ्यावी. चालणाऱ्या बापाला घाम फुटलेला असतो तेव्हा न चालणारे मूल गारठत असते.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होते. १८६९ सालापासून त्या डोंगरावर दातेरी रुळावरची आगगाडी चालते. तिने आम्ही तिघेही शिखरावर गेलो. माथ्याजवळ रुळांच्या कडेला लिझी बोर्न या २३ वर्षांच्या युवतीचे स्मारक दिसले. सप्टेंबर १८५५ मध्ये ती काका व चुलत बहिणीसमवेत चढत असता अंधार व वादळ यांनी त्यांना गाठले आणि रात्रीच तिचे प्राण गेले. उजाडल्यावर कळले की, शिखरावरील निवासगृह हाकेच्या अंतरावर होते. माथ्यावर एक जुन्या पद्धतीची इमारत साखळदंडांनी जमिनीला जखडलेली आहे. शिखरावरील एका फलकावर या पर्वतरांगेत दगावलेल्यांची नावे आहेत, दीडशेच्या वर. जून २०२२ मध्ये याच रांगेत माझ्या वयाचा एक पदयात्री पावसा-बर्फात गारठून गेल्याचे मी नंतर वाचले. सौभाग्यवती फलकापाशी बराच वेळ उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही काही बोललो नाही.

इंदूरला परतल्यावर दवाखाना पूर्ववत सुरू झाला. उलट्या हाताची परीक्षा शिकविताना एखादी आई आजही शंकेने विचारते, “डॉक्टर, नुसत्या हाताने काय कळणार?” पूर्वी मी तिला शास्त्र सांगत असे. आता सांगतो, “माझ्या मुलीला कळले होते.”