पाणी नाकारणारी माती



'पालथ्या घड्यावर पाणी' ही म्हण आपण नित्य वापरतों ती माणसांविषयीं. आज मी आपणांशीं बोलणार आहें तें मात्र मातीविषयीं. कारण मातीचाही कधीं कधीं पालथा घडा होतो, आणि तो नेमका अशा वेळीं होतो कीं, जेव्हां ती पाण्यावांचून अगदीं ठणठणीत कोरडी पडलेली असते.

चंद्रपूरसारख्या शहरांतील एखादी बाग डोळ्यांपुढें आणा. मे महिन्यांत तेथें पारा ४५ अंशांच्या वर चढतो. एखाद्या वर्षीं ४७ अंशही ओलांडतो. सायंकाळीं माळी हिरवळीवर अर्धा तास पाणी सोडतो. वरून पाहावें तों सारें ओलेंचिंब. पण खुरप्यानें दोन बोटें माती उकरावी, तर आंत नुसती कोरडी भुकटी! पाणी पायवाटेवरून गटारांत निघून गेलेलें असतें. मग माळ्याला बोल लागतो, गवताला रोग झाला म्हणून औषध येतें, आणि दुसऱ्या दिवशीं पाणी दुप्पट सोडलें जातें. ज्या दिवसांत घरोघर पाणी मोजून वापरावें लागतें, त्या दिवसांतली ही उधळपट्टी क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं.

पाणी आंत कां शिरत नाहीं? अळवाच्या पानावर थेंब मोत्यासारखा गोळा होऊन राहतो, हें आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक आहे. त्या पानावर मेणाचा अतिसूक्ष्म लेप असतो. पाण्याच्या कणांना परस्परांची ओढ फार. समोरच्या पदार्थाची ओढ प्रबळ असली तर पाणी त्यावर पसरतें. नसली तर तें आपल्यापुरतें गोळा होऊन बसतें. स्वच्छ वाळूला पाणी सहज भिजवितें. परंतु कुजणाऱ्या पानांतून, मुळांतून आणि बुरशीच्या तंतूंतून मेणकट पदार्थ मातींत उतरतात. त्यांचा लेप वाळूच्या कणांवर बसला म्हणजे प्रत्येक कण हें एक लहानसें अळवाचें पानच होतें. माती ओली आहे तोंपर्यंत हा लेप फारसा जाणवत नाहीं. ती पार वाळली कीं त्याचा गुण प्रकट होतो. म्हणजे जिला पाण्याची गरज सर्वांत अधिक, तीच माती पाणी नाकारते. ह्या गुणाला आपण जलविरोध म्हणूं. १९१० सालीं अमेरिकेंतील श्राइनर व शोरी ह्या रसायनज्ञांनीं कॅलिफोर्नियांतील अशाच एका न भिजणाऱ्या मातीची नोंद केली होती.

सर्वच माती अशी नसते. एक ग्रॅम जाड वाळूच्या साऱ्या कणांचा पृष्ठभाग एकत्र केला तरी तो तळहाताहून लहान भरतो. उलट काळ्या मातींतील चिकण कणांचा तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग शेंकडों चौरस मीटर असूं शकतो. थोडेंसें मेण वाळूला पुरून उरतें, पण चिकण मातीला पुरत नाहीं. म्हणून हा दोष रेताड जमिनींत, विशेषतः निलगिरीसारख्या तेलकट पानांच्या झाडांखालीं, अधिक आढळतो.

बागेंतली ही गोष्ट रानांत अधिक गंभीर होते, कारण तेथें तिला आगीची जोड मिळते. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. आज जिल्हे दोन असले, तरी साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू ह्यांचें पानगळीचें रान दोहोंकडे सारखेंच आहे. वसंतांत पहांटे मोहाचीं फुलें गळतात. वाळल्या पाचोळ्यांत तीं वेंचणें अवघड, म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ करण्याची रीत आहे. तेंदूला कोंवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. ह्या फुलांवर व पानांवर अनेक घरांची मीठमिरची अवलंबून असते. तेव्हां शहरांत पंख्याखालीं बसून त्यांना दोष देणें आपणांस शोभणार नाहीं. पण झाडाखालची आग झाडाखालींच राहत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

आगीनें मातीचें काय होतें, ह्याचा अभ्यास लिओनार्ड डिबॅनो ह्या शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या झुडपी डोंगरांवर केला. पाचोळा जळतांना त्यांतील मेणकट पदार्थांची वाफ होते. कांहीं वाफ मातींत शिरते आणि खालच्या थंड थरांत पुन्हां गोठते. माती १७५ ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तर जलविरोध वाढतो. सुमारें २८० अंशांच्या वर ते पदार्थच नष्ट होऊं लागतात. म्हणून कडक आगीनंतर वरचा थर भिजतो, पण कांहीं बोटें खालीं न भिजणारा थर दडून बसतो. प्रत्येक आगीनंतर असें घडतेंच असें नाहीं. परंतु पाचोळ्याची गादी गेली, ही हानि निश्चित. मग मृगाचा थेंब उघड्या मातीवर आदळतो, राख व बारीक माती छिद्रें बुजविते, आणि पाणी मातीला बरोबर घेऊन उतारावरून धांवतें. ह्या भागांतील माजी मालगुजारी तलाव पूर्वजांनीं धानाच्या शेतीसाठीं बांधले. वाहून आलेल्या मातीनें तलाव जितका उथळ होतो, तितकें भाताच्या खाचराचें पाणी कमी होतें.

उपाय आहेत, आणि ते साधे आहेत. मोहाखालचा पाचोळा झाडून बाजूला करावा, किंवा झाडाखालीं जुनें लुगडें वा जाळी पसरावी. तेंदूचीं झुडपें जाळण्याऐवजीं छाटावीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ज्या ग्रामसभांना आपल्या रानाचा अधिकार मिळाला, त्यांच्या हातीं हा निर्णय आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवाला तो अधिकार २००९ सालीं मिळाला.

आपल्या बागेसाठीं प्रथम परीक्षा करा. वरचा पाचोळा बाजूला सारून कोरड्या मातीवर पाण्याचा एक थेंब अलगद सोडा आणि घड्याळ पाहा. पांच सेकंदांच्या आंत तो जिरला तर चिंता नाहीं. एक मिनिटापर्यंत राहिला तर दोष सौम्य; त्याहून अधिक वेळ राहिला तर दोष बळकट समजावा. दोन-तीन बोटें खालच्या मातीचीही अशीच परीक्षा घ्यावी. थेंब मण्यासारखा उभा राहतो कीं चपटा पसरून थांबतो, इकडेही लक्ष द्या. चपटा थांबला तर माती मेणकट नसून पायांनीं तुडवून दडपली गेली असण्याचा संभव अधिक. तेथें ती टोंचून मोकळी करावी.

दोष मेणाचा असेल, तर एकदम अर्धा तास पाणी सोडणें व्यर्थ. थोडें पाणी शिंपडावें, दहा-पंधरा मिनिटें थांबावें, पुन्हां थोडें शिंपडावें. आणि एकदां भिजलेली माती पुरती वाळूं देऊं नये. ऑस्ट्रेलियांतील शेतकरी अशा वाळूंत चिकण माती मिसळतात. आपल्याकडे तलावाचा चिकण गाळ तेंच काम करूं शकेल. जी माती रानांतून वाहून तलावांत आली, ती अशा रीतीनें पुन्हां जमिनीला मिळेल.

आणि शेवटीं एक विनंती. बागेच्या कोपऱ्यांत झाडलेल्या पानांचा ढीग पेटवूं नये. त्याचें खत करावें. रानांतल्या माणसाला आग लावूं नको असें सांगण्यापूर्वीं आपल्या अंगणांतली आगपेटी आपण बाजूला ठेवली पाहिजे.