बासला भुलवणारा नकली ब्ल्यूगिल

गळाला गांडूळ लावून काठावर बसणाऱ्या माणसाच्या हाती तळहाताएवढा, रंगवलेला, पोटात शिसे भरलेला नकली मासा दिला आणि ‘हे तुमचे आमिष’ असे सांगितले, तर त्याला हसूच येईल. एवढा मासा गळाला लागला तरी तो खुशीने घरी जाईल! पण अमेरिकेत आणि जपानमध्ये ‘लार्जमाउथ बास’ या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे लागलेली मंडळी अशीच आमिषे घेऊन दिवसच्या दिवस तळ्यावर काढतात. या पोहणाऱ्या नकली माशांना ‘स्विमबेट’ म्हणतात. त्यांतला एक खास प्रकार म्हणजे ब्ल्यूगिलची नक्कल.

ब्ल्यूगिल हा मूळचा उत्तर अमेरिकेतला छोटा मासा. अंगाने पापलेटसारखा उभट आणि चपटा, पाठीवर काटेरी पर. बास दबा धरून बसतो, जबडा एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. मात्र ब्ल्यूगिलची उंची आणि काटे यांमुळे प्रत्येक बासला तो गिळता येत नाही. त्यासाठी जबडा तेवढा मोठा हवा. म्हणूनच मोठ्या नकली ब्ल्यूगिलला लहान बास सहसा वाट्याला जात नाहीत. मोठ्या माशाची आस असलेल्याला नेमके हेच हवे असते.

पाणी ढकलणारे अंग

पाण्यात या आमिषाचे वागणे त्याच्या आकारावरच ठरते. ट्राउट माशाची नक्कल बांगड्यासारखी लांबट असते. ती सरळ रेषेत, शेपटी हलवत जाते. ब्ल्यूगिलची नक्कल लांबीला पाच-सहा इंचच, पण अंग उंच. त्यामुळे प्रत्येक झोक्याला ती बाजूचे बरेच पाणी ढकलते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी ‘पार्श्वरेखा’ असते आणि पाण्यातली बारीक हालचालही तिला जाणवते. गढूळ पाण्यात बासला आमिषाचा रंग दिसण्याआधी हा धक्का पोचतो. दुकानात मात्र गिऱ्हाईक रंगावरच भाळते, ही गोष्ट वेगळी!

या नकलांचे मुख्य प्रकार दोन. मऊ रबरी आमिषाची शेपटी वल्ह्यासारखी असते आणि रीळ हळू फिरवले की ती डावी-उजवीकडे ठोके देते. वेग वाढवला तर मात्र उंच अंगामुळे आमिष एका कुशीवर कलते आणि सगळे सोंग उघडे पडते. ते उभे राहावे म्हणून शिसे पोटाच्या तळाशी बसवतात.

दुसरा प्रकार टणक, मध्ये एक सांधा असलेला. रिळाचा दांडा अर्धाच फिरवला की तो एका बाजूला घसरत जातो, पुन्हा अर्धा फिरवला की दुसऱ्या बाजूला. दोरी सैल सोडली तर जवळजवळ जागच्या जागी वळतो. खरा ब्ल्यूगिलही काही बाण सुटल्यासारखा पोहत नाही. छातीचे पर हलवत थोडे पुढे जातो, थांबतो, वळतो. हे थांबणे साधणारी नक्कल ती खरी नक्कल.

थंडीत पाणी जास्त घन होते. त्यामुळे उन्हाळ्यात हळूहळू बुडणारे आमिष हिवाळ्यात अधांतरी राहू शकते. मग जाणकार पोटाला शिशाची बारीक पट्टी चिकटवतात.

मागे येतो, पण तोंड लावत नाही

खरी कसोटी पुढेच आहे. नितळ पाण्यात मोठा बास आमिषामागे होडीपर्यंत येतो, निरखतो आणि निघून जातो. दिवसभरात असे एकदाच घडले आणि तेही हुकले, तर हात हलवत परत! अशा वेळी दांड्याला एकच हलका झटका देऊन आमिष गर्रकन त्याच्यासमोर वळवायचे. पळणारे भक्ष्य अचानक तोंडासमोर आले की बासला विचार करायला वेळ उरत नाही.

विणीच्या दिवसांत तर भुकेचीही गरज नसते. ब्ल्यूगिल बासच्या घरट्यातली अंडी पळवतात. राखणीला असलेला नर बास घरट्याजवळ आलेल्या ब्ल्यूगिलवर, मग तो रबरी का असेना, रागाने तुटून पडतो.

बास आणि ब्ल्यूगिल यांच्या या नात्याचा बोलका दाखला जपानमधल्या बिवा सरोवरात मिळाला. २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी तिथे बास पकडला आणि जॉर्ज पेरी यांच्या १९३२ सालच्या २२ पौंड ४ औंसांच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. तराजूवर कुरितांचा मासा किंचित जड होता; पण विक्रम मोडायला किमान दोन औंसांची आघाडी लागते. त्यांचे आमिष होते जिवंत ब्ल्यूगिल.

गंमत अशी की हे दोन्ही मासे जपानचे नव्हेत. बास १९२५ साली तिकडे गेला. ब्ल्यूगिल १९६० साली शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज आकिहितो यांना भेट दिले. पुढे ते सरोवरांत पसरले, स्थानिक माशांच्या मुळावर उठले आणि २००७ साली सम्राट असलेल्या आकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. बिवा ज्या प्रांतात आहे त्या शिगामध्ये पकडलेला बास किंवा ब्ल्यूगिल पुन्हा पाण्यात सोडायला २००३ पासून बंदी आहे. ते मासे टाकण्यासाठी सरोवराकाठी पेट्या ठेवलेल्या असतात. जिवंत ब्ल्यूगिल इकडून तिकडे नेणेही कायद्याने मना आहे. रबरी ब्ल्यूगिल मात्र खुशाल खिशात घालून न्यावा.