बाळाच्या श्वासनलिकेत डोकावताना

नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम 4 मिलिमीटर रुंद असते. अस्तराला चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली, की तिची रुंदी निम्मी होते आणि हवेला होणारा अडथळा किमान 16 पटींनी वाढतो. मूल रडलं, की धाप आणखी वाढते. म्हणूनच त्याला न टोचता, शक्यतो आईच्या मांडीवरच आत पाहता येणं फार मोलाचं.

पहिला मान अजूनही एक्स-रेचा. क्रूप या स्वरयंत्राच्या सुजेच्या आजारात स्वरयंत्राखालची हवेची वाट त्यात देवळाच्या कळसासारखी निमुळती दिसते. पण श्वासनलिकेत गेलेला शेंगदाणा एक्स-रेवर उमटतच नाही. त्याचा माग हवेवरून काढावा लागतो. श्वास घेताना नळी रुंदावते, हवा दाण्याला वळसा घालून आत जाते. सोडताना नळी आक्रसते आणि हवा अडकून पडते. त्यामुळे श्वास सोडतानाच्या फोटोत त्या बाजूचं फुप्फुस फुगलेलंच राहतं. आता दोन वर्षांच्या मुलाला ‘श्वास सोड आणि थांब’ कोण सांगणार? मग त्याला कुशीवर झोपवून फोटो काढतात. खालच्या बाजूचं फुप्फुस एरवी दबतं. अडकलेली हवा असेल तर दबत नाही. किती साधी, सुंदर युक्ती!

मला सर्वांत आश्वासक वाटते ती गळ्याची सोनोग्राफी. मोठेपणी स्वरयंत्राच्या कूर्चांमध्ये कॅल्शियम साचतं आणि ध्वनिलहरी अडतात. मुलांच्या कूर्चा मऊ असल्याने लहरी सहज आत पोचतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाचा आवाज बसला, तर गळ्याला जेल लावून प्रोब टेकवायचा. कोणता स्वररज्जू हलत नाही ते पडद्यावर दिसतं. मात्र हवेपलीकडचं सोनोग्राफीला दिसत नाही. छातीतल्या खोल वाटांसाठी सीटी स्कॅन लागतो. नवी यंत्रं तो सेकंदाभरात, बऱ्याचदा भूल न देता करतात. किरणांची मात्रा मात्र मुलाच्या आकारमानानुसार कमी ठेवायलाच हवी. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण वेळ लागतो आणि लहानग्यांना अनेकदा गुंगीचं औषध द्यावं लागतं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. खाता खाता मुलाला अचानक जोराचा ठसका लागला आणि नंतर खोकला राहिला, तर छातीचा फोटो स्वच्छ आला तरी आईचं सांगणं बाजूला सारू नये. अशा वेळी श्वासनलिकेत दुर्बीणच घालावी लागते. अडकलेला शेंगदाणा ओलाव्याने फुगतो, त्यातलं तेल अस्तराचा दाह वाढवतं. दुर्बिणीतून तो दिसतो आणि त्याच वेळी चिमट्याने काढताही येतो.