एमएस की एनएमओ? रक्ताची साक्ष

अचानक नजर अंधूक होते, पाय लुळे पडतात. संशय मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे ‘एमएस’चा. पण ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ म्हणजेच ‘एनएमओ’ या वेगळ्या आजारातही हेच घडते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि सहकाऱ्यांना २००४ मध्ये एनएमओ रुग्णांच्या रक्तात एक स्वप्रतिपिंड आढळले. पेशींतून पाण्याची ये-जा घडवणारे ‘ॲक्वापोरिन-४’ हे प्रथिन त्याचे लक्ष्य असल्याचे २००५ मध्ये कळले.

एमएसचे असे ओळखचिन्ह ठरलेले प्रतिपिंड नाही. तिथे मदार एमआरआय आणि मणक्यातील पाण्याच्या तपासणीवर. फरक कळायलाच हवा, कारण इंटरफेरॉन-बीटासारखी एमएसची काही औषधे एनएमओ बळावू शकतात. म्हणून लक्षणे नेहमीच्या चौकटीत बसत नसतील, तर ‘ॲक्वापोरिन-४’ आणि अशाच आणखी एका आजारात आढळणाऱ्या ‘मॉग’ प्रतिपिंडांच्या चाचणीविषयी न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारा.