स्त्रीवेशधारी आराध्याच्या जीवनातील टप्पे : येरमाळ्याच्या संदर्भात

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात येरमाळा हे येडेश्वरी देवीचे ठाणे आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोगवा मागणाऱ्या आराध्यांमध्ये लुगडे नेसलेले पुरुषही आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनातील टप्प्यांचा विचार केला आहे.

कवड्यांची माळ घालणे, परडी घेणे व जोगवा मागणे हे टप्पे स्त्री-पुरुष आराध्यांना समान असतात. लुगडे नेसणे हा टप्पा मात्र पुरुषाचे कुटुंबातील व गावातील स्थान बदलून टाकतो. एरवी चेष्टेचा ठरणारा वेश देवीच्या नावाने पूज्य ठरतो. तथापि हा मान परडीला मिळतो, व्यक्तीला नव्हे. त्यामुळे यात्रेत पाया पडणारा समाज एरवी त्यास काम देताना कचरतो.

स्त्रीवेश धारण करणारा प्रत्येक पुरुष तृतीयपंथी असतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार मान्य केला. व्यक्तीची प्रतिष्ठा धार्मिक विधीवर अवलंबून नसते, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. परडी हाती नसतानाही सन्मान मिळणे, हा टप्पा समाजानेच गाठावयाचा आहे.